गाठ ओढून बघ

उस्मानपुरा,
छत्रपती संभाजीनगर
१८ मे

प्रिय अभय,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की पैठणला आईचं काही झालं की काय. आई ठणठणीत आहे. परवाच माझ्याशी फोनवर अर्धा तास भांडली, त्यामुळे तिची काळजी नको. संस्कृतीची बारावी संपली, आता ती दिवसभर पंख्याखाली आडवी असते आणि उठवलं की चिडते. बाकी घरी सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. फोन का केला नाही म्हणशील. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे चौकात भोंगा लावायचा. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तुझे दाजी स्कोअर बघायला माझाच फोन उचलतात. आणि खरं सांगू का, फोनवर तू मला पुढं बोलूच देत नाहीस. "ताई, तुझं पुन्हा सुरू झालं" म्हणतोस आणि हसतोस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. म्हणून दाजी ड्युटीवर गेल्यावर, पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहायला बसले आहे.

लहानपणापासून तू मला संशयी म्हणत आलास. मी वांगी घेत नाही, वांग्यांची झडती घेते. गॅसचं बटण बंद करून दारापर्यंत जाते आणि परत येऊन बघते. दूधवाला मला लांबूनच नमस्कार करतो. अग्निशमनवाल्याच्या बायकोनं गॅसचं बटण दोनदा बघू नये तर कुणी बघावं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण तुमच्या फायर स्टेशनची रीत अगदी उलटी. तू खाली उतरणार आणि दाजी वर दोरी धरणार, इतकी वर्षं हे असंच चाललंय. विहीर असो, नाला असो, कोसळलेलं घर असो. जो दोरी धरणार तोच उतरणाऱ्याच्या कमरेला गाठ बांधणार, आणि उतरणाऱ्यानं ती गाठ कधीही तपासायची नाही. तुमचे जुने काकासाहेब होते ना, त्यांची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. एका नव्या माणसानं त्यांनी बांधलेली गाठ ओढून बघितली. काकासाहेबांनी गाठ सोडली, दोरी त्याच्या पायाशी टाकली, "ज्याच्यावर भरवसा हाय त्याच्याकून बांधून घे" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पुन्हा त्या माणसाची दोरी त्यांनी धरली नाही. तेव्हापासून तुमच्यात गाठ ओढून बघणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. तू तर दाजींसमोर दोन्ही हात वर करून उभा राहतोस, आई तुला बनियन घालायची तेव्हा राहायचास तसा, आणि बघतोस भलतीकडेच. तुमच्याकडे पट्टे आहेत, हुक आहेत, हे मला माहीत आहे. पण घाईच्या वेळी शेवटी तीच दोरी आणि तीच गाठ. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुझा कोर्स संपतो. तू नागपूरहून येशील आणि पुन्हा दाजींच्याच दोरीवर उतरशील. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाच.

सुरुवात बुटांपासून झाली. मागच्या पावसाळ्यात दाजींनी नवे बूट आणले, बिनलेसचे, पाय सरकवला की झालं. मी म्हटलं, चांगले आहेत. मग रात्री घालायच्या पायजम्यांची नाडी गेली आणि इलॅस्टिक आलं. मग एक दिवस न्हाणीघरात केसांच्या रंगाची पुडी सापडली. आता तूच सांग, ज्या माणसानं लग्नातसुद्धा कंगवा दुसऱ्याचा वापरला, तो सेहेचाळिसाव्या वर्षी नवे बूट घालून, केस काळे करून, सुट्टीच्या दिवशी "जरा जाऊन येतो" म्हणत बाहेर पडायला लागला, तर बायकोनं काय समजावं? मी समजायचं तेच समजले. शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगायला लागले. अत्तराचा वास येईल म्हणून हुंगायची आणि यायचा सुंठेच्या तेलाचा. मला वाटलं, बाईच असेल तर ती माझ्याहून म्हातारी दिसते.

मोटरसायकल दारात उभी ठेवून ते शेअर रिक्षानं जायला लागले, तेव्हा मात्र मी ठरवलं. पार्किंगला जागा मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. आगीच्या बंबाला कुठल्याही गल्लीत जागा करून देणाऱ्या माणसाला मोटरसायकलला जागा मिळेना! पुढच्या सुट्टीला ते निघाले, आणि मागच्या रिक्षात तोंडाला स्कार्फ बांधून मी. हस. हसून घे. जुन्या शहरात एका बोळात ते उतरले आणि एका तालमीत शिरले. मी दाराच्या फटीतून बघितलं. आत एक म्हातारा पहिलवान, मांडीवर टॉवेल, आणि त्याच्यापुढं तुझे दाजी हात पुढं करून बसलेले. तो त्यांचं मनगट चोळत होता. चोळून झालं, तशी दाजींनी पिशवीतून दोरीचा तुकडा काढला आणि खिडकीच्या गजाला गाठ बांधायला लागले. तीच तुमची कमरेची गाठ. बांधायची, ओढून बघायची, ती सुटायची, पुन्हा बांधायची. बोटं दोरीभोवती फिरत होती, पण शेवटी गाठ आवळली जात नव्हती. ज्या माणसानं तुला अंधारात, पाठीमागं हात करून ती गाठ बांधायला शिकवली, तो खिडकीच्या गजाशी झगडत होता. पहिलवानानं मला बघितलं. दाजींना न सांगता दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "भाभी, हड्डी की बात नई है. अंदर से घिस गया आदमी." मी तिथूनच मागं फिरले. घरी येऊन रडले, आणि बाई नाही म्हणून हायसं वाटलं याचीही लाज वाटली.

एकदा कळल्यावर मग पुरावे शोधावे लागले नाहीत, ते घरभर पडलेले होते. दुधाची पिशवी ते आता कात्रीनं कापतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण संस्कृती उघडते. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मोबाइल बघतात, आणि मोबाइलचा दिवा बंद असतो. पाणी येतं त्या दिवशी टाकीचा नळ बंद करून येतात आणि तो ठिबकत राहतो. या शहरात नळ ठिबकत ठेवणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर ओरडत आले, तरी असा बेफिकीरपणा त्यांनी कधी केला नव्हता. बेफिकीरपणा नव्हताच तो. नळ घट्ट पिळता येत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ वळतच नसेल तर काय झाकायचं?

कसंबसं करून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, शुगर तपासायची आहे असं खोटं सांगून. शुगर ठीक निघाली. डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक दांडा दिला आणि पूर्ण जोर लावून दाबायला सांगितलं. मग मला बाहेर न पाठवता, आमच्या दोघांसमोर सरळ बोलले. म्हणाले, हा एक आजार नाही, झीज आहे. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हातात साठी-पासष्टीचा जोर आहे, चालण्यातही तेच. काम काय करता विचारलं, आणि कळल्यावर मान हलवली. वीस-बावीस वर्षं धूर, कधीही उठून धावणं, झोपेचा पत्ता नाही, अवजड ओझी, डोळ्यांनी बघू नये ते बघणं. असं काम करणाऱ्यांचं शरीर वयाच्या आधी म्हातारं होऊ शकतं, हे बाहेरच्या देशांतही दिसून आलंय, म्हणाले. जेवण, झोप, व्यायाम नीट सांभाळलं तर पुष्कळ परत मिळेल, पण तोवर जड काम बंद, बसून करायची ड्युटी मागून घ्या. दाजी उठून उभे राहिले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठले ते, मी बघत होते. म्हणाले, "साहेब, टेबलावर बसायला मी लई लहान हाय." आणि बाहेर.

रिक्षात मला ती चिकलठाण्याच्या गोदामाची आग आठवत होती. तू तेव्हा नोकरीत नव्हतास, बारावीला होतास बहुतेक. केमिकलचे पिंप फुटत होते आणि दाजी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. अंगाला असा वास की संस्कृतीनं, एवढीशी होती ती, त्यांच्या कडेवर जायला नकार दिला. आठवडाभर काळं थुंकत होते आणि मला सांगत होते, काय नाय गं, धूळ हाय. त्यानंतर किती आगी, किती विहिरी, मी मोजल्या नाहीत. मला वाटायचं माणूस घरी परत आला म्हणजे पूर्ण आला. प्रत्येक वेळी थोडा थोडा तिकडेच राहत होता, हे मला कळायला हवं होतं. घरातल्या घासलेटच्या स्टोव्हलासुद्धा मी वर्षाला नवी वात घालते.

आता फकिरामामांचं सांगते. तुमच्या गाडीचे ड्रायव्हर, तुला मी त्यांची काय ओळख करून देणार. पण तू गेल्यापासून हा माणूस माझ्या डोळ्यांत खुपत होता. सारखे दाजींच्या मागं. आमच्याकडे येऊन चहा घेणार, दाजी आत गेले की मला विचारणार, जेवतात का, झोपतात का. स्टेशनवरून कुणी फोन केला की मागून मामांचा आवाज. मला वाटलं, साहेबांच्या कानाला लागणारा माणूस हाच. दाजींची चुगली करून कुणा भाच्या-पुतण्याला त्या जागेवर आणायचा डाव असेल. मी त्यांच्या चहात साखर कमी घालायला लागले. एवढंच माझ्या हातात होतं.

एप्रिलमधला तुमचा अग्निशमन सप्ताह. चौदा तारखेला नेहमीप्रमाणे सगळं शहर मिरवणुकीत आणि आमचं माणूस बंदोबस्ताला, ते आता अंगवळणी पडलंय. घरच्यांना बोलावलेला कार्यक्रम त्यानंतर होता. अंगणात सतरंज्या, भाषणं, शेवटी प्रात्यक्षिक. भाषणं संपली आणि तुमची सगळी मंडळी सतरंजीवरून उठली. अभय, ते उठणं मी बघितलं. मामा सोडले तर पन्नाशीच्या आतले सगळे. एकही जण हात न टेकता उठला नाही. आणि कुणी कुणाला हात दिला नाही. "चला रे" म्हणत एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, जणू काय मोठं दोस्तीचं भरतं आलंय, आणि सगळी ओळ एकमेकांच्या आधारानं वर. आजूबाजूच्या बायका कौतुकानं हसत होत्या. मला तुमची युक्ती कळली. माझ्या एकटीच्या घरातली गोष्ट नव्हती ती. तुम्ही सगळेच एकमेकांची झाकताय.

मग प्रात्यक्षिक. पहिल्या मजल्यावरून माणसाच्या वजनाचा बाहुला खाली सोडायचा होता. दोरी तुझ्या दाजींच्या हातात, सगळे टाळ्या वाजवायला तयार. मी मात्र खाली बघायचं सोडून वर बघत होते. दाजींच्या मागं, खांबाच्या आड, फकिरामामा उभे. दोरीचं उरलेलं शेपूट त्यांनी स्वतःच्या कमरेला गुंडाळलेलं. दाजींच्या हातून दोरी दोनदा सरकली. दोन्ही वेळा मामा मागं झुकले आणि ती थांबली. दाजींनी वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, त्यांना माहीत होतं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर मी मामांना नळाशी गाठलं. माझ्या साखरेचा हिशोब माझ्या तोंडावर आला असावा, कारण ते आधीच म्हणाले, "बाई, रागावू नका. शेपूट मी धरतो, व्हय. दिवाळीपासून धरतो. पण गाठीला हात लावायची माझी छाती नाय. ती ज्याची त्यानं बघावी."

दिवाळीपासून, असं ते म्हणाले. तो शब्द मी घरी आणला आणि आठवडाभर त्याच्याशी खेळत बसले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पैठण रोडच्या एका शेतातल्या विहिरीवर तुम्ही गेला होतात. संध्याकाळी तू आमच्याकडे जेवायला आलास. आंघोळ करून उघडा बाहेर आलास, तर काखेखाली दोन्ही बाजूंनी कातडं सोलवटलेलं, लालभडक. मी विचारलं. शिडीवरून घसरलो म्हणालास. शिडीवरून घसरलेल्या माणसाला दोन्ही काखांत सारखं कसं लागतं रे? तेव्हाच मला शंका आली होती, पण सण होता, गप्प बसले. त्या रात्री तू ताटात चिवडत होतास आणि डोळे वर करत नव्हतास. केले तेव्हा दाजींच्या हातांकडे बघितलंस. आणि दाजींनी हात ताटाखाली घेतले. आज मी ते सगळं पुन्हा जुळवते आहे. गाठ ढिली बसली होती. तू पाण्यावर लोंबकळत असताना ती कमरेवरून सरकत काखेपर्यंत आली. अजून थोडी सरकली असती तर डोक्यावरून निघून गेली असती. बरोबर आहे ना? खोटं लिहू नकोस, तुझं खोटं मला अक्षरावरून कळतं.

आणि जानेवारीत तू कोर्सला गेलास. सगळ्यांना पेढे वाटलेस, बढती मिळेल म्हणालास. मीही पेढा खाल्ला. पण दोन वर्षं तो कोर्स नको नको म्हणणारा तू, दिवाळीनंतर एकाएकी हात जोडून साहेबांकडे का गेलास? बढतीसाठी गेलास असं मला वाटत नाही. तू पळालास. दाजींशी बोलता येईना आणि त्यांच्या दोरीवर उतरता येईना, म्हणून सहा महिने लांब गेलास, की तोवर काहीतरी आपोआप होईल. मी तुला दोष देत नाही. अण्णा गेले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. जायकवाडीच्या पाण्यात तुला पोहायला यांनी शिकवलं, पहिली सायकल यांनी आणली, भरतीच्या वेळी पहाटे तुझ्याबरोबर धावले हेच. त्यांनी बांधलेली गाठ तू कशी ओढून बघणार? तू मरशील, पण बघणार नाहीस. मला याचीच भीती आहे, आणि ही भीती मी शंका म्हणून लिहीत नाही. ही मला पक्की माहीत असलेली गोष्ट आहे.

आपोआप काही झालं नाही, अभय. फकिरामामा या महिनाअखेरीला रिटायर होताहेत. तू येशील तेव्हा मागं शेपूट धरायला कुणी नसेल. आणि उन्हाळा चाललाय. कुठं ना कुठं विहिरीत गाळ काढायला माणसं उतरतात, गुदमरतात, मग तुम्हाला फोन. गेल्या रविवारी मी दाजींना समोर बसवलं आणि सगळं बोलले. तालीम, डॉक्टर, मामा, तुझ्या काखा. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत, तेच मला सहन झालं नाही. म्हणाले, "अगं, अभय उतरतो ते मी वर हाय म्हणून. मी सोडली तर त्या पोरानं कुणाच्या तोंडाकडं बघून उतरायचं?" मी म्हटलं, धरणार कशानं, हात आहेत का? तर म्हणाले, "दोरी हातानं नाय धरत, भरवशानं धरत्यात." तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, भरवसा कमरेला बांधून विहिरीत उतरता येत नाही, माझा भाऊ आहे तो. मग उठता उठता, खाटेच्या कडेला धरून, एक वाक्य बोलले: "ज्या दिवशी अभय माझी गाठ ओढून बघंल, त्या दिवशी दोरी ठेवीन खाली अन् टेबलावर जाऊन बसन. पण तो नाय बघायचा. माझं पोर हाय ते."

मी साहेबांकडे जाऊ शकले असते. डॉक्टरांचं म्हणणं पुढं केलं की दुसऱ्या दिवशी त्यांना खाली बसवतील. पण मग स्टेशनभर एकच शब्द फिरेल, सुदर्शन गेला कामातून. जो माणूस बावीस वर्षं लोकांना बाहेर काढत आला, त्याला खांद्याला धरून बाहेर काढल्यासारखं होईल. ते त्यातून उठणार नाहीत, मी ओळखते त्यांना. म्हणून मी एक डाव टाकते आहे, आणि तो तुझ्या हातानं पडायचा आहे. परत आल्यावर पहिल्याच कॉलला, किंवा कॉल नसेल तर सरावाला, दाजी तुझ्या कमरेला गाठ बांधतील. तू हात खाली घे. सगळ्यांसमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, ती गाठ दोन्ही हातांनी ओढून बघ. बाकी काही बोलू नकोस. ते दोरी तुझ्या पायाशी टाकतील, काकासाहेबांसारखे गाडीत जाऊन बसतील, आणि तुमच्या रीतीप्रमाणे पुन्हा कधी तुझी दोरी धरणार नाहीत. दुसऱ्या कुणाची तर ते धरणारच नाहीत, तू गेल्यापासून त्या बाहुल्याशिवाय कुणाची धरलीही नाही. लोक म्हणतील, मेहुण्यानं अपमान केला म्हणून सुदर्शननं दोरी सोडली. म्हणू दे. त्यांचा अपमान झालेला मला चालेल, दया आलेली चालणार नाही. ते महिनोन्महिने तुझ्याशी बोलणार नाहीत. मी त्यांच्या बाजूनं उभी राहून तुला गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या देईन, आईला फोन करून तुझ्या नावानं रडेन. ते सगळं खरं आहे असं समजून ऐकून घे, आणि मान खाली घालून जा. तेवढं माझ्यासाठी कर. मला एक नवरा आहे आणि एक भाऊ, दोघंही मला जमिनीवर हवे आहेत. आणि जाता जाता माझा शेवटचा संशय तुला सांगते, तो खोटा निघाला तर मला आयुष्यभर नावं ठेव. ते वाक्य त्यांनी मला उगाच ऐकवलं नाही. मी तुला कळवल्याशिवाय राहणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आज ड्युटीवर जाताना पिठाच्या डब्यावर हे पेन त्यांनीच काढून ठेवलं होतं.

तुझीच,
ताई